किशोरवयीन मुलांमधील क्षुधानाश : शरीराची भरपाई आणि मनाची उभारी

वाशिम जिल्ह्यात पोषणाचा विषय निघाला की विचार साहजिकच टंचाईचा होतो. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावात घराचे वर्षाचे गणित सोयाबीन आणि तुरीवर ठरते, आणि 2018 साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा राज्यातील ज्या चार जिल्ह्यांचा तीत समावेश झाला, त्यांत वाशिम एक होता. अशा परिसरात, घरात भाकरी आहे, ताट वाढलेले आहे, आणि तरीही चौदा-पंधरा वर्षांची एखादी मुलगी दिवसेंदिवस अन्न नाकारते, हे ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. हा शहरातील सुखवस्तू घरांचा आजार, अशी एक समजूत रूढ आहे. या समजुतीमुळे रुग्ण ओळखण्यास विलंब होतो, आणि या आजारात विलंब फार महाग पडतो.

वैद्यकशास्त्रात या विकारास अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. 1873 साली लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. मराठीत त्यास क्षुधानाश म्हटले जाते. परंतु मूळ नाव आणि हा मराठी शब्द दोन्ही काहीसे दिशाभूल करणारे आहेत. या विकारात भूक नाहीशी होत नाही. भूक लागते, आणि रुग्ण तिच्याशी अहोरात्र झगडत असतो.

भारतात हा विकार आढळत नाही, हे म्हणणे आता टिकणारे नाही. 1995 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी पाच तरुणींचे वृत्त प्रसिद्ध केले. 2007 साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाल व किशोर मानसोपचार विभागाने आपल्याकडील नोंदी तपासल्या, तेव्हा खाण्याशी संबंधित विकाराची 41 मुले आढळली. त्यांतील बहुतेकांना शारीरिक कारणाशिवाय उलट्या होत होत्या, तर सहा मुले क्षुधानाशाची होती. 2012 साली बंगळुरूतील मानसोपचारतज्ज्ञांकडे विचारणा झाली असता सुमारे दोन-तृतीयांश तज्ज्ञांनी आपण असा निदान एक तरी रुग्ण पाहिल्याचे सांगितले.

दिल्लीच्या वृत्तात एक बाब विशेष लक्षणीय होती. पाश्चात्त्य ग्रंथांत वर्णिलेली लठ्ठपणाची पराकोटीची भीती या रुग्णांत ठळकपणे दिसली नाही. आपल्याकडील मुलगी “मला बारीक व्हायचे आहे” असे म्हणेलच असे नाही. “पोट जड वाटते”, “घास गिळवत नाही”, “मळमळते” एवढेच ती सांगते. मग घरचे आम्लपित्ताचे औषध आणतात, टॉनिक आणतात, दृष्ट काढतात, आणि महिने निघून जातात.

ग्रामीण घरातील खुणा

ग्रामीण घरात हा विकार आणखी एका कारणाने झाकला जातो. तो मुलीच्या गुणांचा वेष घेऊन येतो. ती स्वयंपाकात रमते, सर्वांना आग्रहाने वाढते, आणि स्वतः “माझे मघाशीच झाले” असे सांगून उठते. जेथे घरातील स्त्रीने सर्वांत शेवटी जेवावे असा परिपाठ आहे, तेथे हे कौतुकाचे ठरते. श्रावणी सोमवार, हरितालिका, नवरात्र ही व्रते वर्षानुवर्षे चालत आलेली आहेत व निरोगी माणसास त्यांपासून अपाय होत नाही. परंतु एका उपवासाला दुसरा जोडला जातो, पारण्याच्या दिवशीही घास उतरत नाही, तेव्हा ती श्रद्धेची बाब राहिलेली नसते.

मुलग्यांकडे तर लक्षच जात नाही. सैन्य वा पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणारा मुलगा जेवण तोडू लागला, तर तो जिद्दी म्हणून ओळखला जातो. विकार मुलींत अधिक असला तरी मुलगे त्यातून सुटलेले नाहीत.

शिक्षकांना आणि आरोग्य सेविकांना दिसू शकतील अशा काही खुणा आहेत. वाढीच्या वयात वजन थांबणे किंवा घटणे, पाळी बंद होणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, हातपाय गार व निळसर पडणे, पाठीवर व दंडावर बारीक लव येणे, उभे राहताच चक्कर येणे. याच्या जोडीला अभ्यासातील अतिरेकी काटेकोरपणा आणि मैत्रिणींपासून दूर राहणे. पंडुरोग, क्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार यांतही वजन घटते, म्हणून ती तपासणी आधी व्हावयास हवी. मात्र ती निर्दोष निघाली म्हणजे मुलगी “नाटक करते” असा अर्थ होत नाही.

उपासमार मनाचे काय करते

या विकाराचा उलगडा करणारा एक प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील उपाशी जनतेस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शोधण्यासाठी डॉ. अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण निवडले. ते सदसद्विवेकाला अनुसरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले स्वयंसेवक होते. नोव्हेंबर 1944 मध्ये प्रयोगास आरंभ झाला. 24 आठवडे त्यांना दररोज सुमारे 1,570 उष्मांकांचा आहार देण्यात आला व त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले.

शरीर खंगले यात नवल नव्हते. नवल मनाचे होते. ही हसतमुख, सुदृढ माणसे चिडखोर व एकलकोंडी झाली. ज्यांना स्वयंपाकाशी कधी देणेघेणे नव्हते ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, एकेक घास बराच वेळ चघळत बसू लागले, ताटे चाटू लागले. विनोद संपला, एकाग्रता गेली, रात्रंदिवस अन्नाखेरीज दुसरा विचार उरला नाही. हे सारे मानसिकदृष्ट्या निरोगी म्हणून निवडलेल्या तरुणांत घडले. म्हणजे मुलीचा “हट्टी स्वभाव” म्हणून ज्याकडे बोट दाखविले जाते, त्यातील मोठा भाग स्वभावाचा नसून उपासमारीचा असतो. आणि पुरेसे अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही त्या स्वयंसेवकांची मने लगेच ताळ्यावर आली नाहीत. कित्येकांना अनेक महिने लागले.

क्षुधानाशाच्या रुग्णात एक दुष्टचक्र तयार होते. चिंतेमुळे अन्न कमी होते, अन्न कमी झाल्याने मेंदू अधिक ताठर व अधिक चिंताग्रस्त बनतो, आणि त्या अवस्थेत अन्नाची भीती आणखी वाढते. याच कारणास्तव केवळ समजावणीने सुरुवात करून उपयोग होत नाही. उपाशी मेंदूवर समुपदेशनाचा परिणाम फारसा होत नाही, आणि नैराश्यावरील गोळ्याही वजन फार घटलेले असता अपेक्षित काम करीत नाहीत. या विकारावर पहिले औषध अन्न हेच होय.

सलाईनचा मोह आणि पहिले दहा दिवस

अन्न हे औषध असले तरी त्याचीही मात्रा आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम साखर वा पिष्टमय पदार्थ गेले, की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात आणि रक्तात त्यांची तूट पडते. श्वसनाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते, क्वचित मृत्यूही ओढवतो. युद्धकैदी व छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांत हा अनुभव जगाने घेतला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात दूधभुकटी, साखर व पीठ यांचे जे मिश्रण वापरले गेले होते, तेच 1945 साली जर्मनीतील बेल्सेन छावणीत सुटका झालेल्यांना देण्यात आले. भुकेल्यास जेवू घालण्याचे शास्त्र असे आपल्या देशातील दुष्काळाशीही जोडलेले आहे.

हे येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. अशक्त मुलीस गावात ग्लुकोजची सलाईन लावून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. बाटली संपते, चेहऱ्यावर तात्पुरती तरतरी दिसते व घरच्यांचे समाधान होते. परंतु कित्येक आठवडे जवळजवळ उपाशी असलेल्या मुलीस थायमिन हे जीवनसत्त्व न देता व रक्ततपासणी न करता ग्लुकोज देणे धोक्याचे आहे. खेड्यातील डॉक्टरांनी आणि पालकांनी यातून एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी एखादा जीव वाचू शकेल.

दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली, उभे राहताच रक्तदाब कोसळणे, मूर्च्छा, शरीराचे तापमान फार कमी होणे, अन्नपाणी पूर्ण बंद होणे किंवा आत्महत्येची भाषा, यांपैकी काहीही आढळल्यास घरी थांबू नये; रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते. किन्हीराजा परिसरातील कुटुंबास वाशिमचे जिल्हा रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या दोन दिशा उपलब्ध आहेत. 2024 साली वाशिम येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या आठवडा-दहा दिवसांत रक्तातील क्षारांची वारंवार तपासणी, हृदयाचा आलेख आणि हळूहळू वाढविलेला आहार एवढेच मुख्य काम असते. त्यानंतर रुग्णालयात आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो वजनवाढ अपेक्षित धरली जाते.

मानसिक आरोग्य आस्थापनेत अल्पवयीन मुलीस दाखल करण्याचा प्रसंग आला तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिला काही संरक्षण दिलेले आहे. तिची व्यवस्था प्रौढ रुग्णांपासून वेगळी असावी लागते. सोबत आलेला प्रतिनिधी पुरुष असेल तर पूर्ण काळ एक स्त्री सोबतीस राहिली पाहिजे. आईस शेतावरून इतके दिवस सुटी मिळत नाही अशा घरात ही अट अवघड वाटते. मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणी जाणार हे आधीच ठरवावे लागते.

शरीर कोणत्या क्रमाने सावरते

आहार सुरू झाल्यावर नाडी व तापमान काही आठवड्यांत सुधारू लागते. जठराची हालचाल मात्र उपासमारीने मंदावलेली असते, त्यामुळे चार घास खाताच पोट फुगते व दुखते. “खाल्ले की त्रास होतो” ही तक्रार खरी असते. तिच्यावर उपाय न खाणे हा नसून थोड्या थोड्या अंतराने, दिवसातून पाच-सहा वेळा खाणे हा होय. पावलांवर सूज येऊ शकते. केस गळतात, आणि ते नेमके प्रकृती सुधारत असताना गळतात. परत आलेले वजन आरंभी पोटाभोवती अधिक साठते व ते सर्वांगी सारखे पसरण्यास वर्षभर वा अधिक काळ लागतो. या गोष्टी पूर्वसूचना न देता घडल्या तर मुलगी घाबरून पुन्हा अन्न टाकते.

आणखी एका टप्प्यावर घरचे गोंधळतात. मुलगी नीट जेवू लागते, आणि वजन काही हलत नाही. शरीर मोडलेल्या भागांची दुरुस्ती करीत असते व चयापचय वेगाने वाढलेला असतो. अशा काळात किशोरवयीन रुग्णास दिवसाला 3,000 उष्मांकांहून अधिक आहार लागू शकतो. हे प्रमाण दोन भाकरी व वरण यांतून भरून निघत नाही. शेंगदाणे, तीळ, तूप, दूध-दही, अंडी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, सोयाबीनचे पीठ मिसळलेल्या पोळ्या असा घनपोषक आहार घरच्याच जिनसांतून उभा करता येतो. बाजारातील महागड्या भुकटीच्या डब्यांची गरज नसते.

अपेक्षित वजन गाठल्यानंतर बहुतेक मुलींची पाळी साधारण सहा महिन्यांत परत येते. हाडांची गोष्ट वेगळी आहे. आयुष्यभर पुरणाऱ्या हाडांच्या साठ्याचा मोठा वाटा याच वयात जमा होत असतो. तो काळ उपाशी गेला तर नंतरचा आहार ही तूट पूर्णपणे भरून काढीलच असे नाही. उंचीचेही तसेच आहे. त्यामुळे “थोडे मोठी झाली की आपोआप सुधारेल” या धीराला अर्थ नाही.

मन मागे राहते

येथवरचा भाग वैद्यकीय आहे व तो रुग्णालयात पार पडतो. खरी कसोटी त्यापुढे आहे, आणि ती गावात लागते. वजन भरू लागते तसतशी मुलीची मानसिक स्थिती सुधारण्याऐवजी पुष्कळदा काही काळ अधिक बिघडते. उपासमारीने भावना बधिर झालेल्या असतात. अन्नाबरोबर त्या जाग्या होतात. भीती, अपराधीपणा, राग, रडू सारे एकदम उसळते. नेमक्या याच वेळी तिचा चेहरा भरलेला दिसतो, रुग्णालयातून तिला घरी सोडलेले असते, आणि घरचे व शाळा मिळून ठरवितात की मुलगी बरी झाली. आजार उलटण्याचा धोका घरी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो.

काळाचा अंदाज यावा म्हणून दोन अभ्यासांकडे पाहावे. लॉस एंजेलिस येथे 95 किशोरवयीन रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला व 1997 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा ते पंधरा वर्षांत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण पूर्ण बरे झाले, परंतु त्यास सरासरी पाच ते साडेसहा वर्षे लागली. बोस्टनमधील 2017 च्या अहवालात नऊ वर्षांनंतर 31.4 टक्के, तर बावीस वर्षांनंतर 62.8 टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. दुसऱ्या शब्दांत, उशिरा का होईना, बरे होणाऱ्यांची संख्या वाढतच राहते. याची दुसरी बाजूही लपविता येत नाही. मानसिक विकारांपैकी सर्वाधिक मृत्यू ज्यांत होतात अशा विकारांत याची गणना होते, आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे पाचवा भाग आत्महत्यांचा असतो.

मनाच्या उपचारात कुटुंबाचे स्थान मध्यवर्ती आहे, हे 1987 साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील अभ्यासाने दाखविले. आजार लहान वयात सुरू झालेला व तीन वर्षांहून कमी काळाचा असेल, तर कुटुंबासह केलेल्या उपचाराचा अधिक लाभ झाला. या पद्धतीत पालकांना दोष दिला जात नाही. पहिल्या टप्प्यात मुलीने काय व किती खावे याचा निर्णय पालक स्वतःकडे घेतात. वजन सावरल्यावर तो अधिकार तिला क्रमाक्रमाने परत दिला जातो. अखेरीस अभ्यास, मैत्री, स्वतंत्रपणा या वयाच्या नेहमीच्या प्रश्नांकडे वळले जाते. एकत्र कुटुंबात याला वेगळे रूप द्यावे लागते. आई म्हणते खा, आजी म्हणते राहू दे, काकू टोमणा मारते, असे झाले तर आजार त्या फटीतून शिरतो. घरातील सर्वांनी मिळून एकाच व्यक्तीकडे ताटाची जबाबदारी द्यावी. खुरपणीच्या किंवा सोंगणीच्या दिवसांत आईवडील शेतात असतात, तेव्हा दुपारच्या जेवणास समोर बसणारे माणूस बहुधा आजीच असते. डॉक्टरांनी आईबरोबर आजीलाही बोलावून समजावून सांगावे, हे म्हणूनच अगत्याचे ठरते.

बोलण्यातील जपणूक ही सर्वांत कठीण गोष्ट. “आता चांगले अंग धरलेस” हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने उच्चारले जाते. सावरणाऱ्या मुलीस ते घावासारखे लागते. तिच्या देहाविषयी बरे-वाईट काहीच न बोलता तिच्या चित्राविषयी, अभ्यासाविषयी, गाईच्या वासराविषयी बोलावे.

शाळा, ग्रामपंचायत आणि आरोग्ययंत्रणा

माध्यान्ह भोजन आठवीपर्यंत मिळते. विकार बहुधा त्याच सुमारास किंवा त्यानंतर डोके वर काढतो, आणि नववी-दहावीची मुलगी दुपारी काय खाते हे कोणी पाहत नाही. बरी होत असलेल्या विद्यार्थिनीने डबा एखाद्या शिक्षिकेजवळ वा समजूतदार मैत्रिणीसोबत खावा, अशी व्यवस्था मुख्याध्यापकांना विनाखर्च करता येते. वैद्यकीय अनुमती मिळेपर्यंत धावणे व कवायत बंद ठेवावी. वर्गासमोर वजन मोजून आकडा मोठ्याने सांगण्याची प्रथा तर सर्वच मुलांसाठी थांबविणे इष्ट.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून शाळांत तपासणी करतात, आणि 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषणाबरोबर मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. त्याखालील मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीनांना खासगीपणे बोलता येते. 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू झालेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक लिहिण्यास फारसा खर्च येत नाही.

पंचायत सदस्यांपुढे एक अवघड प्रश्न हमखास येतो. “लग्न करून द्या, सुधारेल” हा सल्ला वडीलधारी माणसे मनापासून देतात. हाडे ठिसूळ झालेल्या, पाळी नुकतीच परतलेल्या मुलीवर गर्भारपण लादण्याचा हा मार्ग आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत तो 2006 च्या कायद्यान्वये गुन्हाही आहे. राज्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे काम गावपातळीवर ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, सोपविलेले आहे.

पाठपुराव्याच्या तारखा बहुधा शेतीच्या हंगामाशी आदळतात. अकोल्यास जाणे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणे, आणि मुलगी वरवर बरी दिसत असता ती तारीख पहिल्यांदा चुकते ती सोंगणीच्या दिवसांत. अशा वेळी आशा कार्यकर्तीने वा आरोग्य सेविकेने ठरल्या दिवशी वजन, नाडी आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब पाहून तो वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावा. वजन घेताना मुलीस काट्याकडे पाठ करून उभे करावे. आकडा नोंदवहीत लिहावा, तिच्यासमोर उच्चारू नये. वजन सलग दोन वेळा घटले तर पुढील तारखेची वाट न पाहता तिला रुग्णालयात पाठवावे. ही नोंद वजन भरल्यानंतरही निदान वर्षभर चालू ठेवावयाची असते.